सोडली की पाळली

प्रेमदास राठोड सरांकडे कुणी नवं शिकायला आलं, की सर त्याला आधी खुर्ची देत, मग चहा देत, आणि त्यानंतर महिनाभर काहीच देत नसत. पुस्तक नाही, प्रश्नावली नाही, सल्ला नाही. "गावात जाऊन बस," एवढंच म्हणत. "तू काही विचारू नकोस. लोक तुला विचारतील, त्यांची उत्तरं दे." व्यसनांवर संशोधन करायचं म्हणून मोठ्या उमेदीनं आलेल्या पोरांना हा महिना फार जड जाई. एखादं आठवड्यातच निघून जाई. सरांना त्याचं वाईट वाटत नसे. जे राहील त्याला शिकवायला आपल्याकडे भरपूर वेळ आहे, असं ते म्हणत, आणि तो खरोखरच त्यांच्याकडे असे.

सर स्वतः सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्यावर वाढलेले. मनोविकारांचे डॉक्टर झाले, मोठ्या शहरातल्या कॉलेजात जन्मभर शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर हिंगोलीत येऊन राहिले. एका संशोधन संस्थेनं लहान जिल्ह्यांतल्या तरुण संशोधकांसाठी दोन वर्षांचं प्रशिक्षण सुरू केलं होतं. त्यातले हिंगोलीचे शिकाऊ सरांच्या हाताखाली असत. यंदा दोघं टिकली होती. एक हिंगोलीचाच नोमान. तो शाळकरी मुलांच्या गुटख्यावर काम करत होता. दुसरी वसमतची सबीहा, मानसशास्त्रात एम.ए. करून आलेली.

सबीहाचं काम दारूवर होतं. साखरा गावातल्या आणि शेजारच्या तांड्यावरच्या पिणाऱ्या माणसांशी चार वेळा बसून बोलायचं. उपदेश करायचा नाही. हा माणूस पितो कधी, कुणाबरोबर, त्यानं काय बिघडतं, कमी करायची म्हटली तर कुठं अडतं, हे त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं. मग तीन महिन्यांनी पुन्हा जायचं आणि फरक पडला का ते बघायचं. काम लहान होतं, पण त्यावर मोठी गोष्ट अवलंबून होती. पहिल्या वर्षाच्या शेवटी संस्थेची समिती दोघांचं काम तपासणार होती, आणि तीन तालुक्यांचा पुढचा मोठा अभ्यास दोघांतल्या एकाच्याच हाती देणार होती. दुसऱ्यानं त्याच्या हाताखाली राबायचं. सबीहाला तो अभ्यास हवा होता, आणि ती ते लपवतही नव्हती.

"मला मिळाला तर तुला चहा आणायला ठेवीन," ती नोमानला म्हणे.

"अन् मला मिळाला तर तुझा चहाच बंद," नोमान म्हणे. "व्यसन आहे ते. आपण त्याच्यावरच काम करतो."

काम सुरू करायच्या आधीची एक गोष्ट सांगायला हवी. सबीहानं पहिलं वेळापत्रक केलं ते थंडीतलं होतं. ते घेऊन ती सरांकडे गेली, आणि टेबलावर ठेवता ठेवताच परत उचललं.

"सर, हे मी पुढं ढकलते."

"काहून?"

"शेवटची भेट रमजानमध्ये येते. आपल्या अभ्यासात साखऱ्याचे दोघं-तिघं मुसलमान आहेत. एरवी पिणारासुद्धा रमजानमध्ये बाटलीला हात लावत नाही, सर. मी तेव्हा विचारलं तर तो नाही म्हणेल, आणि मी समजेन की माझ्या बोलण्यानं सुटली. त्यापेक्षा ईद होऊ द्या. त्यानंतर सुरू करते."

सरांनी नोमानला हाक मारली आणि तिला तेच पुन्हा सांगायला लावलं. "ऐकलंस? हे पुस्तकात नव्हतं," ते नोमानला म्हणाले. "बराबर आहे, सबीहा. ईद होऊ दे."

सरांच्या तोंडून 'बराबर' मिळणं सोपं नव्हतं. पुढचा आठवडाभर सबीहा जरा ताठ चालत होती, आणि नोमान तिला 'पंचांगवाल्या बाई' म्हणत होता.

ईद झाली. शिरखुर्मा खाऊन ती परत आली आणि कामाला लागली. उन्हाळाभर एसटीनं साखऱ्याला जाणं, कुणाच्या ओट्यावर, कुणाच्या शेतातल्या आखाड्यावर बसणं, ऐकणं. गुलाबसिंग नावाचा एक ट्रॅक्टरवाला पहिल्या भेटीत एक शब्द बोलला नाही आणि चौथ्या भेटीत तिला उठू देईना. काहींनी मात्र आधीच कानावर हात ठेवले. त्यांतला एक लालसिंग. तो म्हणाला होता, "ताई, मी पितो हे मला माहीत हाय, तुमाला माहीत हाय, माझ्या बायकोला तर लईच माहीत हाय. मग चार येळा बसून बोलायचं काय?" सबीहानं त्याला सोडून दिलं. जो येतो म्हणेल त्याच्याशीच बोलायचं, असं ठरलेलं होतं.

मग पाऊसकाळात ती पुन्हा घरोघर गेली. प्रश्न साधा आणि सगळीकडे विचारला जातो तोच होता: गेल्या महिनाभरात दारू घेतली का? निम्म्याहून अधिक माणसांनी "न्हाई" म्हणून सांगितलं.

सबीहानं लगेच विश्वास ठेवला नाही. तेवढं ती शिकली होती. माणसं तिला बरं वाटावं म्हणून बोलत असतील, म्हणून तिनं त्यांच्या बायकांना वेगळं गाठलं. बायकाही तेच म्हणाल्या. मधूनच गळालेली माणसं तिनं पिणाऱ्यांतच धरली. तरीही निम्म्याहून अधिक. एवढं चांगलं फळ चार भेटींच्या बोलण्याला कुठंच आलेलं तिनं वाचलं नव्हतं. हिंगोलीच्या खोलीत तिनं सगळं दोनदा करून पाहिलं आणि सरांसमोर नेऊन ठेवलं.

सरांनी वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"छान आहे," ते म्हणाले. "आता याच्याशी भांड."

"भांडले, सर. खोटं बोलतात का ते पाहिलं. बायकांना विचारलं. गळालेले मोजले."

"अजून?"

"अजून काय?"

"ज्यांच्याशी तू बोललीच नाहीस, त्यांचं काय?"

"त्यांना यात घ्यायचंच नव्हतं ना, सर. हा लहानसा पहिला अभ्यास आहे. तुलनेचा गट पुढच्या अभ्यासात."

"ते बराबर. तरी एकदा जाऊन ये. समितीसमोर जायच्या आधी."

"जाईन. पण सारांश परवापर्यंत पाठवायचाय."

सरांनी सारांश मागून घेतला, त्यातला एक ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केला आणि परत दिला. सबीहानं त्याचा अर्थ होकार असा घेतला आणि सारांश पाठवून दिला. नोमाननं वाचला आणि म्हणाला, "चहात साखर किती घेतेस ते सांगून ठेव."

सरांनी सांगितलं होतं म्हणून, आणि खरं तर मनात आनंद मावत नव्हता म्हणूनही, ती पोळ्याच्या अलीकडे साखऱ्याला गेली. तांड्यावर पोळ्याची लगबग होती. लालसिंग घरासमोरच्या लिंबाखाली बसून बैलांच्या नव्या कासऱ्याला गोंडे बांधत होता. त्याची बायको मिराबाई दारात ज्वारी पाखडत होती.

"लालसिंगभाऊ, एक विचारू?"

"इचारा. पण चार येळा बसायचं न्हाई म्हंजे न्हाई."

"एकदाच. गेल्या महिन्याभरात घेतली का?"

"न्हाई."

सबीहाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "म्हणजे कमी केली?"

"कमी न्हाई, जास्त न्हाई. न्हाईच घेतली."

तिनं मिराबाईकडे पाहिलं. मिराबाईनं सूप खाली ठेवलं. "खरं हाय, बाई. वास सुदिक न्हाई."

"पण मी तर तुमच्याशी बोललेच नाही!" सबीहाच्या तोंडून निघून गेलं.

लालसिंग मोठ्यानं हसला. "ऐकलं का गं? ह्या ताईच्या परवानगीबिगर दारू सोडता येत न्हाई आता."

"तसं नाही, भाऊ. सोडली कशानं, ते विचारते."

"सोडली?" लालसिंगनं हातातला गोंडा मांडीवर ठेवला. "सोडली कुठं? श्रावण हाय न्हवं. पाळून राहिलो."

"सगळा तांडा पाळतो," मिराबाई म्हणाली. "गावातबी बरेच पाळतेत. मटण न्हाई, अंडं न्हाई, दारू न्हाई. पोळ्यापोतूर. पोळा झाला का दुसऱ्या दिशी कर. त्या दिशी या, मंग बघा तुमचे सोडलेले."

श्रावण पाळतात हे सबीहाला नवं नव्हतं, आणि तेच तिला झोंबलं. तिचे अब्बा, नासेरभाई, वसमतला अंड्या-कोंबड्यांचा व्यापार करतात. दरवर्षी श्रावण लागला की अंड्यांचे ट्रे दुकानात चळत लावून पडून राहतात, अब्बा दुकानाची डागडुजी काढतात, घराला रंग देतात. आणि करीच्या सकाळी दुकानासमोर अशी झुंबड उडते की अम्मीलाही गल्ल्यावर बसावं लागतं. हे ती फ्रॉकात होती तेव्हापासून बघत आली होती. पण तिच्या लेखी श्रावण हा अंड्यांचा महिना होता. तो दारूचाही असतो, हे तिच्या मनात कधी जोडलंच गेलं नव्हतं. रमजान टाळायला म्हणून तिनं सगळं काम पुढं सरकवलं, आणि दोघा-तिघांचा महिना चुकवताना उरलेल्या सगळ्यांच्या महिन्यात जाऊन पडली.

"मग ते सगळे मला नाही घेतली म्हणाले, ते?"

"तुमी काय इचारलं व्हतं?"

"गेल्या महिन्यात घेतली का."

"मंग? न्हाई घेतली. खोटं कोण बोललं?" लालसिंगनं पुन्हा गोंडा उचलला. "सोडली का पाळली, असं इचारायला पायजे व्हतं."

"गुलाबसिंगानं मात्र सोडली म्हणतेत," मिराबाई नवऱ्याकडे न बघता म्हणाली. "तुमच्याशी बोलून. त्याची बायको सांगून राहिली."

"करीला कळंल," लालसिंग म्हणाला.

परतीच्या एसटीत अब्बांचा फोन आला. नेहमीचंच बोलणं. जेवलीस का, अभ्यास कुठवर आला, माल उठत नाही, श्रावण आहे, काय करणार. "अब्बा," सबीहा म्हणाली, "हे तुम्ही मला सगळा महिनाभर सांगताय." "मग काय सांगू? दुसरं घडतंय काय?" अब्बा म्हणाले. तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले, तेव्हा तिनं आवाज येत नाही म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सरांच्या दारात उभी होती. सर कुंड्यांना पाणी घालत होते.

"तुम्हाला माहीत होतं."

सरांनी झारी खाली ठेवली. "काय?"

"श्रावण. तुम्ही तांड्यावरचे. तुम्हाला माहीत नसेल असं होणारच नाही."

"वेळापत्रक बदललंस त्या दिवशी सुचलं नाही," सर म्हणाले. "तुझा रमजानचा मुद्दा ऐकला आणि त्यातच खूश झालो. पुढचं मोजलं नाही. आकडा दाखवलास तेव्हा समजलं."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोलणार होतो. मग वाटलं, ही साखऱ्याला जाईल. जे स्वतःला सापडतं ते टिकतं. मी एवढी वर्षं असंच शिकवलंय."

"आणि नसते गेले तर?"

"समितीच्या आदल्या दिवशी सांगितलं असतं."

"आदल्या दिवशी!" सबीहाचा आवाज चढला. घरातून सरांच्या पत्नी डोकावून गेल्या. "सर, सारांश गेलाय. माझ्या नावानं गेलाय. त्यातली वेलांटी तुम्ही सुधारली आणि आकडा तसाच ठेवला. तो तुमचा फळा नव्हता, सर. चुकलं तर पुसून पुन्हा लिहायला."

सरांपुढं आजवर कितीतरी पोरं रडली होती, रुसली होती, पळाली होती. समोर उभं राहून असं कुणी सुनावलं नव्हतं. त्यांनी पायरीवरचं पाणी पायानं बाजूला सारलं.

"बराबर आहे तुझं," ते म्हणाले. "पाठवण्याआधी सांगायला हवं होतं. पोरगं कधी धडपडू द्यावं आणि कधी हात धरावा, ते दर वेळी जमतंच असं नाही. इथं नाही जमलं." मग झारी उचलून विचारलं, "आता काय करतेस?"

सबीहा रात्रभर त्याचाच विचार करत होती, त्यामुळे उत्तर तयार होतं. दोन वाटा तिनं आधीच सोडून दिल्या होत्या. एक, गप्प बसायचं. समितीतल्या कुणाच्याही लक्षात आलं नसतं. दुसरी, आकडा तसाच ठेवून तळाशी बारीक अक्षरात श्रावणाचा उल्लेख करायचा. बरेच लोक असंच करतात, आणि त्याला कुणी खोटं म्हणत नाही.

"समितीला आज कळवते, की सारांशातला निष्कर्ष मागे घेतला आहे. आणि कर झाली की पुन्हा सगळ्यांकडे जाते."

"दिवस कमी आहेत. मी येतो."

"तुम्ही नको," ती म्हणाली. अजून राग उतरलेला नव्हता. "तुम्ही आलात की तांड्यावरची माणसं तुमच्याशीच बोलतात. नोमानला नेते."

नोमानला तिनं विचारलं तेव्हा तिला जरा चोरट्यासारखं झालं. ती हरली की तो जिंकणार होता. नोमाननं तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "येतो. पण पंचांग तू आण."

पोळा झाला, कर झाली. त्यानंतर थोडे दिवस जाऊ देऊन दोघं साखऱ्याला गेली. या वेळी सबीहानं प्रश्न लालसिंगच्या शब्दांत विचारला: सोडली होती, की पाळली होती? आणि कर झाल्यावर घेतली का? लोकांना हा प्रश्न फार सोपा गेला. कुणाला चूक कबूल केल्यासारखं वाटलं नाही, कुणी नजर चुकवली नाही. "पाळली व्हती, ताई. करीला सुटलं ते." "पाळलीच. आमच्या बापानं बी पाळली, आमी बी पाळतो." एका म्हाताऱ्यानं तर नोमानला उलट विचारलं, "रमजानात तुमी सोडता का पाळता?" नोमान म्हणाला, "बाबा, मी सुपारीसुद्धा खात नाही." "मंग तुमाला काय कळणार," म्हातारा म्हणाला आणि सबीहाकडे वळला.

संध्याकाळपर्यंत चित्र स्पष्ट झालं होतं. उन्हाळ्यात जे पीत होते त्यांतले बहुतेक सगळे पुन्हा पीत होते. जे खरोखर थांबले होते ते एका हाताच्या बोटांवर मोजता येत होते. गुलाबसिंग त्यांतला एक. ट्रॅक्टरचं चाक खोलून तो त्यात डोकं घालून बसला होता.

"करीला सगळ्यांसंगं बसलो," तो म्हणाला. "मटण खाल्लं. समद्यांनी येडं केलं मला. एकानं तर गिलासात वतून नाकापशी आणली."

"मग?"

"मंग काय. उठून आलो." त्यानं पान्यानं एक बोल्ट आवळला. "उद्याचं सांगत न्हाई, ताई. आजचं सांगतो."

सबीहानं ते तसंच टिपून घेतलं.

समिती नांदेडला बसली. तिघं जण होते, आणि पंखे मोठा आवाज करत होते. सबीहानं आधी चुकलेला आकडा दाखवला, मग तो कसा चुकला ते सांगितलं, मग नवा आकडा दाखवला. नवा आकडा इतका लहान होता की पडद्यावर त्याचा खांब जवळजवळ दिसतच नव्हता. तिनं तो मोठा करून दाखवायचा प्रयत्न केला नाही.

"म्हणजे तुमच्या बोलण्याचा उपयोग झाला की नाही?" समितीतल्या एका बाईंनी विचारलं.

"थोड्यांना झाला असेल. एवढ्यावरून सांगता येत नाही."

"तुम्ही इथल्याच. श्रावण लक्षात कसा आला नाही?"

"इथली आहे म्हणूनच, मॅडम. आमच्या घरात श्रावण वेगळ्या कारणासाठी मोजतात. मला वाटलं, मला तो माहीत आहे."

बाईंनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. सर मागच्या रांगेत बसले होते. त्यांना बोलायला कुणी सांगितलं नाही आणि ते आपणहून बोलले नाहीत.

मोठा अभ्यास नोमानला मिळाला. त्याचं काम चोख होतं आणि त्यात शंका घ्यायला जागा नव्हती. सबीहाला समितीनं कळवलं, की तिचा प्रश्न महत्त्वाचा आहे पण मांडणी पुरेशी नाही. तिला हवं तर तिनं नोमानच्या हाताखाली मोठ्या अभ्यासात यावं. नाहीतर साखऱ्याचाच अभ्यास पहिल्यापासून, तुलनेच्या गटासकट, पुन्हा करावा. त्यात तिचं एक वर्ष जाणार होतं.

घरी फोन केला तेव्हा अब्बांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे नापास झालीस."

"नापास नाही, अब्बा. तेच वर्ष पुन्हा."

"बेटा, त्यालाच नापास म्हणतात." मग ते म्हणाले, "दोन्हीपैकी काय घेणार?"

नोमाननं तिला आधीच सांगून टाकलं होतं, की तू माझ्याकडे आलीस तर चहा मीच आणीन, अट एकच, वेळापत्रक तू करायचं. ते तो मनापासून म्हणत होता आणि तिला ते कळत होतं. तरी तिनं साखरा निवडलं. सरांना तिनं हे सांगितलं तेव्हा सरांनी फक्त विचारलं, "वेळापत्रक कधी दाखवतेस?" आणि मग, ती दाराशी पोचल्यावर, मागून म्हणाले, "मला काही दिसलं तर त्याच दिवशी सांगेन." सबीहानं मान डोलावली. त्यांच्यात जे झालं होतं त्याबद्दल दोघं पुन्हा कधी बोलली नाहीत.

दसऱ्यानंतर ती लालसिंगच्या दारात जाऊन बसली. उन्हं कोवळी होती. मिराबाईनं चहा आणला आणि स्वतःही टेकली.

"आता परत बसायचं का आमच्यासंगं?" लालसिंगनं विचारलं.

"बसायचं. या वेळी थोड्यांशी बोलायचं आणि थोड्यांशी नाही बोलायचं. कुणाशी बोलायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरणार."

"माझी चिठ्ठी न बोलायच्यात टाका."

"ते माझ्या हातात नाही, भाऊ. तुम्ही आधी अभ्यासात येता का तेवढं सांगा."

"येतेत," मिराबाई म्हणाली.

लालसिंगनं बायकोकडे पाहिलं, मग चहाकडे. "येतो," तो म्हणाला. "लिवा."

"लिहिते. पण त्याच्या आधी मला एक सांगा. शेवटची भेट कोणत्या महिन्यात धरू? असा महिना पाहिजे, की त्यात कुणी काही पाळत नाही आणि कुणी मुद्दाम जास्तही पीत नाही."

"सोपं हाय. मार्गशीर्ष," लालसिंग म्हणाला.

"मार्गशीर्षात गुरुवार असतेत," मिराबाई म्हणाली. "गावातल्या बाया घरात बाटली येऊ देत न्हाईत."

"गुरुवारच ना. बाकीचे दिवस?"

"बाकीच्या दिवशी ऊसतोडीला गेलेले असतेत. इचारणार कुणाला? झाडाला?"

"बरं, मंग माघ."

"माघात लगनं सुरू होतेत. लगनात तुमी पाणी पिता का?"

"चैत्र धरा."

"चैत्रात रामनवमीला लोक पोहरादेवीला जातेत. जायच्या आधी पाळतेत, आल्यावर कसर काढतेत. तुमीच गेल्या सालाला कुठं पडला व्हता आल्यावर?"

शेजारून पेमा नावाची म्हातारी काठी टेकत आली आणि काय चाललंय ते विचारून खाली बसली. तिच्या मते ज्येष्ठ बरा, कारण पेरणीच्या धावपळीत कुणाला प्यायला उसंत नसते. "मंग ते बी खोटंच न्हवं का," लालसिंग म्हणाला, "उसंत न्हाई म्हणून न्हाई पिली, त्याला सोडली म्हणता का?" पेमा म्हणाली, न्हाई म्हणता येत. सबीहानं एकेक महिना लिहून त्यापुढं ते जे जे म्हणत होते ते लिहायला सुरुवात केली. फाल्गुनावर मिराबाई आणि लालसिंग दोघं एकदम "होळी!" म्हणाले आणि हसले, आणि मग वैशाखावर भांडण सुरू झालं.